गावालगतचा माळ आणि झुडपी जंगल प्लॉटिंगपासून वाचवायचं तर

विदर्भात वन्यजीव म्हटलं की ताडोबा, पेंच, मेळघाट ही नावं पुढे येतात. पण रोही (नीलगाय), काळवीट, लांडगा, खोकड, सायाळ, तितर यांचं पुष्कळसं आयुष्य जातं ते गावाबाहेरच्या ई-क्लासवर (सरकारी चराईच्या जमिनीवर), झुडपी जंगलात, नाल्याच्या काठी आणि पडीत धुऱ्यांवर. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोहोचला. वाटेत त्याला सलग जंगल कुठलं मिळणार? शेतं, नाले आणि माळ, यांच्याच आधाराने तो गेला. याच जागांवर आता ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘निसर्गाच्या कुशीत सेकंड होम’ असे फलक लागत आहेत. नागपूरच्या भोवती हे सर्वांत जास्त दिसतं, पण चंद्रपूर, अमरावती, गोंदियाच्या रस्त्यांवरही मुरमाचे रस्ते आखलेले आणि चुन्याने चौकोन मारलेले माळ नवे राहिलेले नाहीत.

गावं बहुतेक वेळा जागी होतात ती जेसीबी आल्यावर. तोवर कागद पुढे गेलेला असतो. म्हणून या लेखात मोर्चे-उपोषणं कमी आणि तहसीलच्या फायली जास्त आहेत. ते कंटाळवाणं वाटेल, पण लेआउट अडतो तो तिथेच.

जमीन कागदावर कोण आहे

आधी जागेचे गट किंवा खसरा क्रमांक काढा. महाभूलेखवर सातबारा आणि महाभूनकाशावर गटाची हद्द पाहता येते. पण सातबाऱ्यावर थांबू नका. तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना 1-अ ही वनजमिनींची नोंदवही आणि 1-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. ज्या जागेबद्दल बोलतोय ती 1-अ मध्ये आहे का, हे एक पान पाहिल्याने पुढचे सहा महिने वाचू शकतात. यानंतर जमीन साधारण चारपैकी एका खणात पडते, आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांचा हा जुना गुंता. महसूल म्हणायचं आमची जमीन, वनविभाग म्हणायचा आमचं जंगल, आणि मधल्या मध्ये तुकडे जात राहिले. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार वनजमीनच मानायची, असा निकाल दिला. निकालात प्रश्न होता सुमारे 86 हजार हेक्टरचा. 1996 पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जागांसाठी त्यात वेगळी वाट ठेवली आहे, पण आज नव्याने कोणी झुडपी जंगलात प्लॉट पाडत असेल, तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता दाखवा, एवढाच प्रश्न पुरेसा आहे. तुमच्या गटाची नोंद झुडपी जंगलाची असेल तर तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे.

ई-क्लास, गुरचरण, चराई. वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात, पूर्वेकडे चराई किंवा गुरचरण. मालक सरकार, वापर गावाचा. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि महाराष्ट्र सरकारने 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयाने गायरान खासगी व्यक्ती-संस्थांना देण्यावर बंदी घातली. या शासन निर्णयाची प्रत सरपंचाच्या टेबलावर ठेवाच. हा निर्णय सार्वजनिक प्रयोजनाला वाट ठेवतो, हेही ध्यानात असू द्या. आज घरांबरोबर सौर प्रकल्पांसाठीही हीच जमीन मागितली जाते.

मालकीची शेती. इथे कायदा फारसा तुमच्या हातात नाही. काळवीट वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे म्हणून काळविटाचा माळ आपोआप सुरक्षित होत नाही. अभयारण्याबाहेर तो कायदा प्राण्याला जपतो, त्याच्या पायाखालच्या खासगी जमिनीचा वापर ठरवत नाही. या जागेसाठी वेगळी कामं आहेत, ती पुढे येतील.

तलाव आणि बोड्या (लहान तळी). भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलावांची पाळ, बुडीत क्षेत्र आणि येणारे नाले यांची मोजणी जुनी आहे आणि हद्दी धूसर. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत, त्यामुळे केवळ ‘पाणथळ’ म्हणून भांडायला गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुम्हाला थांबवेल. आधी हद्द मोजून मागा. सारसाच्या बाबतीत मात्र एक आधार आहे: उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या झाल्या. तुमच्या धानाच्या बांधीत किंवा तलावावर सारस येत असेल तर पहिलं पत्र त्या समितीला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना.

याशिवाय गाव एखाद्या अभयारण्याच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे का, ते पाहा. ताडोबा-अंधारीची अधिसूचना 2019 ची आहे. अशा अधिसूचनांच्या शेवटी गावांची यादीच असते. शेती, बागायत आणि मोकळ्या जागा मोठ्या निवासी किंवा व्यापारी संकुलांसाठी बदलायला त्यात मनाई असते, आणि स्थानिकांच्या स्वतःच्या घरासाठी सवलत. गावकऱ्याचं घर चालतं, बाहेरच्याची रिसॉर्ट-कॉलनी नाही. हा फरक ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

निस्ताराचा जुना कागद

हा ठेवा विदर्भाबाहेर फारसा नाही आणि विदर्भात फार थोडे लोक वापरतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 161 खाली निस्तार पत्रक आणि 165 खाली वाजिब-उल-अर्ज. गावाची ढोरं कुठे चरतील, सरपण-गवत कुठून आणायचं, पाणी आणि वाट कुणाची, हे त्यात लिहिलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा जिल्हा अभिलेखागारात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या. कुठलं पान जीर्ण असेल, कुठे उर्दू-मोडी शब्द असतील. गावातला एखादा म्हातारा कोतवाल किंवा सेवानिवृत्त पटवारी सोबत घ्या.

या कागदाचं मोल दुप्पट आहे. जागेचा सामूहिक वापर त्याने सिद्ध होतो, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये निस्तार हक्क शब्दाने नोंदलेला आहे. त्या कायद्यात वनजमिनीची व्याख्या मानीव वनापर्यंत (वन मानल्या गेलेल्या जमिनीपर्यंत) जाते, म्हणजे झुडपी जंगलावरही सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो.

प्राण्यांची नोंद, पण कोर्टात टिकेल अशी

‘आमच्याकडे खूप हरणं आहेत’ याला फायलीत किंमत नाही. एक साधी वही करा: तारीख, वेळ, जागा (मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश), काय दिसलं, किती, कोणी पाहिलं, सही. फोटोवर जीपीएस आणि तारीख छापणारी मोफत ॲप्स आहेत. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही हंगाम हवेत, कारण माळाचा चेहरा तीनदा बदलतो. नुसती मोजणी करू नका, वापर लिहा. टिटवी, पखुर्डी, धाविक कुठे जमिनीवर अंडी घालतात, लांडग्याची गुहा कोणत्या नाल्यात, रोही कोणत्या वाटेने पाण्यावर येतात, खवल्या मांजराची बिळं कुठे. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं काढून ठेवा. ‘इथे काहीच नव्हतं’ या दाव्याला ते उत्तर असतं.

ही माहिती सर्वांत जास्त कोणाकडे असते? गायकी, ढोरकी, मेंढपाळ आणि फासेपारधी यांच्याकडे. वाशीम-अकोल्याकडच्या काही गावांत फासेपारधी कुटुंबंच तणमोराचे (गवतात राहणाऱ्या दुर्मीळ पक्ष्याचे) माळ राखण्यात पुढे आहेत. त्यांना ‘माहितगार’ म्हणून वापरून बाजूला सारू नका. समितीत घ्या, त्यांच्या नावाने नोंद करा, आणि चारचौघांत त्यांना जुन्या शिक्क्याने बोलवणाऱ्याला तिथेच थांबवा.

एक पथ्य: घरटी आणि गुहांच्या नेमक्या जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. शिकारी वाचतात, आणि कॅमेरेवाले हौशीही. ती पानं वेगळ्या वहीत ठेवा आणि गरज पडल्यास वनक्षेत्रपालांना बंद पाकिटात द्या.

जैवविविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही. पुष्कळ गावांत ती एखाद्या संस्थेने दुसऱ्या गावाची नक्कल करून भरलेली सापडते. ती मागवा, चुका दुरुस्त करा आणि तुमची वही तिला जोडून ग्रामसभेत मंजूर करून घ्या. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. प्रत तिकडे पाठवून पोच घ्या.

ग्रामसभेआधी गावाशी बोला

इथे बहुतेक प्रयत्न फसतात. वन्यजीवांचा मुद्दा घेऊन उभे राहिलात की पहिला प्रश्न येतो, “रोही आमचं सोयाबीन खाते, आणि तुम्ही तिला राखता?” प्रश्न रास्त आहे. पीकनुकसान भरपाईचे प्रलंबित अर्ज गावाने एकत्र करून वनविभागाकडे रेटणं, हे माळ वाचवण्याच्या कामाचंच पहिलं पान आहे. तो पाठपुरावा तुम्ही केलात तरच लोक तुमचं पुढचं ऐकतील.

दुसरा प्रश्न घरकुलाचा. गावात ज्यांना जागा नाही अशी कुटुंबं बहुधा ई-क्लासच्या कडेलाच झोपडी घालून असतात. त्यांना बिल्डरच्या रांगेत बसवू नका. जुनी निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याची सरकारी प्रक्रिया वेगळी आहे. त्यांची यादी ग्रामसभेनेच करावी आणि घरकुलासाठी आबादीलगतची, प्राण्यांच्या वाटेत न येणारी जागा ठरावात नावानिशी सुचवावी. हे केलं नाही तर लेआउटवाला त्याच कुटुंबांना पुढे करतो आणि ‘गरिबांची घरं अडवणारे’ हा शिक्का तुमच्यावर बसतो. माझ्या मते या दोन बोलण्या आधी झाल्या नसतील तर ग्रामसभा बोलावूच नये.

तिसरे लोक म्हणजे जमीन विकणारे शेतकरी. कर्ज, मुलीचं लग्न, नापिकी. त्यांना उपदेश करून काही होत नाही. सौदा व्हायच्या आधी गावातला दुसरा शेतकरी घेतो का, पाहा. ते न जमल्यास निदान नाल्याकडची पट्टी वगळून व्यवहार होईल का, एवढं विचारा.

ठराव

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात, त्यांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. वनहक्काचा विषय असेल तर निम्म्या लोकांची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. विषय आधीच्या नोटिशीत छापून यायला हवा. आयत्या वेळचा विषय म्हणून घेतलेला ठराव पुढे सहज पाडता येतो.

ठरावात भावना नकोत, गट क्रमांक हवेत. साधारण असा:

“मौजा ____, तहसील ____, जिल्हा ____ येथील गट/खसरा क्र. ____, क्षेत्र ____ हे. आर ही जमीन अभिलेखात ____ (झुडपी जंगल/गुरचरण/ई-क्लास) म्हणून नोंद असून निस्तार पत्रकानुसार गावाच्या सामूहिक वापराची आहे. सदर जागी सोबतच्या नोंदवहीत नमूद वन्यप्राण्यांचा अधिवास आहे. ही जमीन निवासी, फार्महाऊस किंवा व्यापारी प्रयोजनासाठी देण्यास, तसेच तिच्यातून खासगी लेआउटसाठी पोहोच रस्ता, पाणी किंवा वीजवाहिनी नेण्यास ग्रामसभेची हरकत आहे. ग्रामपंचायतीने या जागेबाबत कोणतेही ना-हरकत प्रमाणपत्र ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय देऊ नये. घरकुलासाठी गट क्र. ____ सुचविण्यात येत आहे.”

पोहोच रस्त्याचं वाक्य गाळू नका. खासगी शेतावरच्या लेआउटला पक्क्या रस्त्यापासून वाट लागते, आणि ती पुष्कळदा ई-क्लासमधून किंवा पांदणीवरून काढावी लागते. सरकारी जमीन रस्त्यासाठी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, तो जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. तरीही सरपंचाच्या लेटरहेडवर ‘हरकत नाही’ लिहून मुरूम पडतो. मालकीच्या जमिनीवरचा लेआउट अडवण्याची सर्वांत व्यवहारी जागा हीच.

ठराव झाला की इतिवृत्ताची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून घ्या. मग प्रत तहसीलदार, एसडीओ (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि भूमी अभिलेख यांना. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडायचं नाही.

कायमचं संरक्षण कोणतं मागायचं

वनजमीन असेल तर सामूहिक वनहक्क हीच पहिली निवड. दावा ‘ग’ नमुन्यात, ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला वन्यजीव आणि अधिवास राखण्याचा अधिकार देतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला. गोंडपिपरीजवळच्या पाचगावने हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी आगी लावल्या जातात आणि फांद्या छाटल्या जातात. म्हणजे हक्क मिळालेलं गाव जंगल विकून खातं, ही भीती दाखवणाऱ्याला उत्तर आहे. दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो, हेही तितकंच खरं.

खासगी किंवा गावाच्या जमिनीवर मालकांची तयारी असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम 36-क खाली सामुदायिक राखीव क्षेत्र मागता येतं. एकदा घोषित झाल्यावर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते. सही करण्याआधी हे मालकाला दोनदा समजावून सांगा. पुढच्या पिढीचेही हात त्याने बांधले जातात. जैवविविधता वारसा स्थळ हा तिसरा पर्याय. गडचिरोलीतलं आलापल्ली 2014 मध्ये तसं घोषित झालं, पण तिथे जुनं, उंच जंगल होतं. साध्या गवताळ माळाला ही मान्यता मिळवणं जड जातं.

आणि कृपा करून माळ वाचवण्यासाठी त्यावर झाडं लावू नका. वृक्षलागवडीचा फलक लागला की जागा सुरक्षित झाली असं अधिकाऱ्यांनाही वाटतं. पण तणमोर, काळवीट, धाविक यांना उघडं गवत लागतं. खड्डे खोदून ग्लिरिसिडिया लावला की ते जातात.

पाळत

अकृषक परवानगीचे नियम गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच सैल झाले. जमीन प्रादेशिक किंवा विकास योजनेत निवासी झोनमध्ये असेल, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल, तर पूर्वीसारखी वेगळी, लांबलचक परवानगी राहिलेली नाही. त्यामुळे खरी झुंज आता झोनवर आली आहे. नगररचना कार्यालयात जाऊन तुमच्या गटांचा झोन दाखला घ्या. आबादीभोवतीची 200 मीटरची रेघ नकाशावर काढा आणि तिच्यात नाला, बोडी, गुहा काय येतं, ते पाहा. नागपूर जिल्ह्यात असाल तर गाव महानगर प्रदेश प्राधिकरणाच्या 719 गावांत आहे का, ते तपासा. तिथे परवानग्या प्राधिकरण देतं.

झोन बदलाची नोटीस राजपत्रात आणि स्थानिक दैनिकात एका कोपऱ्यात येते, हरकतीची मुदत बहुधा महिनाभराची. गावातल्या एका शिकलेल्या पोरीला किंवा पोराला हे काम नेमून द्या: दैनिकातल्या जाहीर नोटिसा, ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या संकेतस्थळावरच्या फेरफार नोटिसा, आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांचं नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तालुक्याच्या नावाने शोध. 500 चौरस मीटरहून मोठ्या आणि आठाहून जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. फलकावर नोंदणी क्रमांक नसेल तर फोटो काढून तक्रार करा. प्राणी वाचवायला ग्राहकाचा कायदा असा कामी येतो. पर्यावरण मंजुरी मात्र 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते आणि गृहप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. तेव्हा जनसुनावणीची वाट पाहत बसू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयाचा आणि 150 शब्दांत. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर 30 दिवसांत. ‘लेआउट बेकायदेशीर आहे का?’ असं विचारू नका, मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा: “गट क्र. ____ संबंधी अकृषक/रेखांकन परवानगीचा आदेश, मंजूर नकाशा, भूमी अभिलेखची मोजणी शीट, वनविभागाचा अभिप्राय आणि पोहोच रस्त्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती.” यातला एखादा कागद ‘उपलब्ध नाही’ असं लेखी आलं, की तेच तुमचं हत्यार.

मशीन आल्यावर

जेसीबीसमोर झोपू नका. गुन्हा तुमच्यावर नोंदतो आणि काम दुसऱ्या बाजूने चालू राहतं. व्हिडिओ घ्या, वाहनांचे क्रमांक टिपा, बीट गार्ड आणि तलाठ्याला बोलावून जागेवरच पंचनामा मागा, 112 वर फोन केल्याची वेळ लिहा. नाल्यात भराव पडत असेल, अनुसूचित झाडं (मोह, आंबा, चिंच, साग, जांभूळ) विनापरवानगी तुटत असतील, तर प्रत्येकाची स्वतंत्र तक्रार द्या. एकाच अर्जात सगळं कोंबलं की तो अर्ज टेबलांमधून फिरत राहतो. एकट्याने जाऊ नका, आणि तक्रारीवर एकाचं नाव ठेवू नका. सह्या दहा-पंधरा असू द्या. दबाव येतो तो नेहमी एकट्या नावावर.

तहसीलदाराकडून काम थांबलं नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. तिथे मूळ अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस. ही मुदत पत्रव्यवहारात निघून जाते, म्हणून पहिल्या मुरमाच्या ट्रकची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. महसुली आदेशाला आव्हान किंवा जनहित याचिका नागपूर खंडपीठात. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्जदारांत त्यांची नावं पुढे ठेवा.

लेआउट कायदेशीर असेल आणि होणारच असेल, तर तडजोडीच्या अटी लेखी घ्या: नाल्याच्या दोन्ही काठांची पट्टी मोकळी, सिमेंटच्या भिंतीऐवजी खालून प्राणी जाईल असं कुंपण, माळाकडे तोंड केलेले दिवे नाहीत, उघडा कचरा नाही. आणि मोकाट कुत्र्यांची जबाबदारी कोणाची, हे नावासह. काळविटाच्या पाडसांना आणि जमिनीवरच्या घरट्यांना घरांइतकाच धोका घरांमागून येणाऱ्या कुत्र्यांचा असतो. या अटी रेखांकनाच्या मंजुरी आदेशातच घालून घ्या, कारण साध्या स्टॅम्प पेपरवरचा करार प्लॉट विकले गेल्यावर नव्या मालकांना बांधत नाही.